बहिणीचा आरसा मी चमकवला, त्याची खरी हकीकत

लग्नाच्या पंगतीत, हळदीच्या मांडवात, फार काय, दहाव्याचा विधी आटोपून लोक चहाला बसले की तिथेसुद्धा, मला एक गोष्ट सांगायला लावतात. माझी धाकटी बहीण ताऱ्यांचा अभ्यास करणारी शास्त्रज्ञ आहे आणि तिला शास्त्रज्ञ मी केलं, तेही माझ्या गाढवपणातून, अशी ती गोष्ट. मी तिच्या दुर्बिणीचा आरसा सोनेरी रंगवून आणला. ती तो तसाच घेऊन पुण्याला गेली. आरशात काय बिघडलंय हे तिने तिथल्या मोठमोठ्या माणसांना इतकं झकास समजावलं की त्यांनी आरसा ठेवला बाजूला आणि पोरीला घेतलं. "म्हणजे बघा," मी शेवटी म्हणतो, "मी नीट काम केलं असतं ना, तर ती आज घरी पोळ्या लाटत असती!" इथे हशा येतो. कुठे थांबायचं, कुठे भुवई वर करायची, सगळं मला पाठ आहे.

गोष्ट खोटी आहे. गाढवपणा खरा, सोनेरी रंग खरा, पण कारण खोटं आणि शेवट खोटा.

तीन वर्षांपूर्वी चुलतभावाच्या हळदीत तिने ती पहिल्यांदा स्वतःच्या कानांनी ऐकली. मी रंगात आलो होतो. ती माझ्या मागे ताट घेऊन उभी आहे हे मला दिसलं नाही. समोरच्यांना दिसत होतं, पण सुरतेत नातेवाईक अशा वेळी सावध करत नाहीत, खुर्ची पुढे ओढतात. हशा ओसरल्यावर तिने ताट खुर्चीवर ठेवलं.

"भाऊ, मला त्या वर्षी घेतलं नव्हतं."

"अगं, गोष्ट आहे ती. थोडं इकडेतिकडे होणारच."

"इकडे म्हणजे तुझ्याकडे, तिकडे म्हणजे माझ्याकडे. नुकसान मी सोसायचं आणि हशा तू घ्यायचा?"

"ओ मॅडम, लोकं बघताहेत."

"बघू देत. ज्यांना खोटं सांगितलंस त्यांच्यासमोर एकदा खरं सांग. सगळं. तोवर तुझ्या घराचा उंबरा मी चढणार नाही."

अडचण अशी की त्या उंबऱ्याच्या आत माय राहते. लिंबायतमधल्या आमच्या घराचा जिना हा जिना कमी आणि शिडी जास्त आहे. मायचे गुडघे गेलेले. ती दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरत नाही आणि लेक वर चढत नाही. मी सुचवलं, खुर्चीत बसवून चौघे जण खाली आणतो. माय म्हणाली, "मी काय गणपती शे का, माले उचली लई जाशात?" तेव्हापासून बहीण वर्षातून एकदा सुरतेला येते, हॉटेलात उतरते, आमच्या गल्लीत येऊन उभी राहते. माय वर गॅलरीत. दोघी एकमेकींकडे बघत मोबाइलवर बोलतात. गल्लीतले रिक्षावाले रिक्षा बंद करून ऐकतात. पहिल्या वर्षी फोन ठेवून माय आत आली आणि मला म्हणाली, "आंडेर खाले उभी, मी वर उभी. काय तमाशा लाई ठेवा रे तू?" आमच्या अहिराणीत आंडेर म्हणजे लेक. माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "यांच्या जिभेला टाळं लावलं तर दार उघडेल."

टाळं लावणं सोपं होतं. खरं सांगणं अवघड. का, ते कळायला मागे जावं लागेल.

आम्ही मूळचे खानदेशातले. आमचे वडील, आबा, लूम चालवायला सुरतेला आले आणि खटखटाटात निम्मं ऐकू येईनासं झालं, त्यामुळे घरात आम्ही सगळे ओरडूनच बोलतो. ओरडण्यात भांडण वेगळं काढायचं म्हणजे चेहरा बघावा लागतो. मी दहावीला गणितात दोनदा नापास झालो. दुसऱ्या निकालाच्या दिवशी घरी पाहुणे होते. मी म्हणालो, तीनच मार्कांनी गेलो. बहीण तेव्हा आठ वर्षांची. माझी गुणपत्रिका हातात धरून ती म्हणाली, "तीन नाही, तेरा. याला वजाबाकी पण येत नाही." पाहुणे हसले. ते हसू मी किती वर्षं सांभाळलं, ते पुढे येईलच.

मी जरीच्या कारखान्यात लागलो. आता सोन्याचांदीची जरी कोण घालतो? प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर ॲल्युमिनियमची वाफ बसवतात, ती चांदीसारखी दिसते. मग तिला सोनेरी लाखेचा हात देतात, ती सोन्यासारखी दिसते. मग तिच्या बारीक पट्ट्या कापून साडीचा काठ विणतात. हवा काढून घेतलेल्या टाकीत ॲल्युमिनियमची तार तापवायची, तिची वाफ होते आणि समोर जे असेल त्यावर बसते. मोठ्या टाकीत फिल्मचे रोल जातात. एक लहान टाकी होती, घंटेच्या आकाराची, त्यात आम्ही प्लास्टिकची बटणं आणि बांगड्या चमकवायचो. ती लहान टाकी माझ्या ताब्यात होती. मला वाटायचं, सुरतेत जे काही चमकतं ते माझ्या हाताखालून जातं.

बहीण बी.एस्सी.ला गेली. गावातल्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळात कुणीतरी तिला दुर्बीण स्वतः बनवायला शिकवलं. दुर्बिणीत खरा जीव आरशाचा. सहा इंच रुंदीची जाड काच आणायची, दुसऱ्या काचेवर ठेवून मध्ये पाणी आणि कुरुंदाची पूड घालून घासायची. घासायची म्हणजे किती? सहा महिने. आमच्या घराच्या बोळात तिने तेलाचं रिकामं पिंप उभं केलं, त्यावर काच बसवली आणि ती पिंपाभोवती फिरत घासू लागली. सगळ्या बाजूंनी सारखं घासलं जावं म्हणून फिरायचं. सकाळी कॉलेजच्या आधी दोन तास, आल्यावर दोन तास. घर्र घर्र घर्र. शेजारची मावशी मायला म्हणाली, "तुन्ही आंडेर कसाले घानीना बैलनी गत फिरस व?"

माय म्हणाली, "फिरू दे. बैल बी गोल फिरस, पन तेल त काढस."

मला तो आवाज सहन होत नसे. मी कामावरून आलो की म्हणायचो, "मॅडम, आमच्याकडे मशीन आहे, पाच मिनिटांत चमकवून देतो." ती न थांबता म्हणायची, "तुझी चमक बांगड्यांना दे." कधी मी पिंपाला मुद्दाम धक्का मारून जायचो. कधी ती माझ्या डब्यात पुडीतली कुरुंदाची चिमूट टाकेन म्हणायची. आमच्यात जे होतं त्याला लोक बहीणभावाची गंमत म्हणतात. गंमत नव्हती. मला ती आवडत नव्हती. ती माझ्या घरात राहून माझ्यापेक्षा मोठी होत चालली होती.

त्या वर्षी उन्हाळ्यात पुण्याच्या एका संस्थेत कॉलेजच्या मुलांसाठी शिबिर होतं. स्वतः बनवलेलं उपकरण घेऊन यायचं, ते तपासून मोजक्या मुलांना निवडणार आणि निवडलेल्यांना पुढच्या शिक्षणासाठी हात देणार. आबांनी अट घातली होती. "झालं तर शिक. नाही झालं तर मार्केटला कामाला लाग, मग स्थळं बघू." म्हणजे तिचं सगळं त्या एका काचेवर होतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं. हे वाक्य मी गोष्टीत कधी घेत नाही.

काच तयार झाली. आता तिच्यावर ॲल्युमिनियमचा थर हवा, तरच तिचा आरसा होणार. जिथे असं काम नीट होतं तिथे दोन महिन्यांचा नंबर लागला होता, आणि शिबिराला उरले होते आठ दिवस. ती दोन दिवस सगळीकडे विचारत फिरली. तिसऱ्या दिवशी मी चहा पिताना म्हणालो, "ॲल्युमिनियमच ना? मी दिवसभर दुसरं काय करतो?"

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. विश्वास नव्हताच त्या बघण्यात. दुसरा रस्ता नव्हता.

"टाकीत किती वेळ ठेवतोस? हवा किती काढतोस? तार शुद्ध असते?"

मी सगळं सांगितलं. पहिल्यांदाच तिने माझं बोलणं लिहून घेतलं. मला इतकं बरं वाटलं की मी चहा दुसऱ्यांदा मागितला.

तिने काच मऊ कापडात गुंडाळून डब्यात ठेवली आणि डब्याच्या झाकणावर आतून चिठ्ठी चिकटवली. काच कडेने धर. वरच्या बाजूला बोट लावू नकोस. पुसू नकोस. फुंकू नकोस. डाग दिसला तरी तसाच राहू दे. फक्त टाकीत ठेव, थर बसव, बाहेर काढ. अशा दहा ओळी. अकराव्या ओळीखाली दोन रेघा मारल्या होत्या. "शहाणपणा करू नकोस."

लग्नात मी सांगतो की चिठ्ठी मी घाईत वाचलीच नाही. मी ती वाचली होती. दोनदा वाचली. पर्वत पाटियाच्या पुढे रिक्षा ट्राफिकमध्ये अडकली होती तेव्हा एकदा, आणि कारखान्यात एकदा. दहा ओळींपर्यंत मी तिचं ऐकणार होतो. अकराव्या ओळीला ती आठ वर्षांची पोर परत माझ्यासमोर गुणपत्रिका घेऊन उभी राहिली.

कारखान्यात जेवणाची सुट्टी होती. आमचा फोरमन म्हातारा गुजराती काका, त्याला मी डबा दाखवला. काचेवर पाणी वाळल्याचा एक पुसटसा डाग होता. मी म्हणालो, "काका, बफ मारतो जरा. थर मस्त बसेल." बांगड्यांना आम्ही तसंच करायचो. आधी फिरत्या नमद्याच्या चाकावर हिरवी पेस्ट लावून चकचकीत करायचं, मग टाकीत. आमच्या धंद्यात आधी घासल्याशिवाय चमक नाही.

काकाने चिठ्ठी बघितली. मराठी त्याला येत नव्हतं, पण दोन रेघा कळत होत्या. "अल्या, बेने ना पाडी छे ने?" म्हणजे, बहिणीने नको म्हटलंय ना?

"काका, बेन कॉलेज में पढती है. मशीन पे नहीं खडी रहती."

"तो बेन ने फोन कर."

"फोन किसलिए? काम मेरा है."

मी काच चाकावर धरली. दहा मिनिटं. डाग गेला. नंतर टाकीत ठेवली, थर बसला, आरसा झाला. आणि खरंच, असा आरसा मी जन्मात बघितला नव्हता. माझं तोंड त्यात परातीएवढं दिसत होतं. त्या तोंडाकडे बघून मला वाटलं, एवढ्यावर थांबायचं? पांढरं म्हणजे आमच्याकडे अर्धं काम. सोनेरी लाखेत बुडवून काढला. काका तोवर उठून गेला होता.

घरी डबा उघडला तेव्हा माय ओरडली, "व माय! सोनानं ताट शे हाई!" आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने हळदकुंकवाची बोटं आरशाला टेकवली. इथे लग्नात प्रचंड हशा येतो. त्या दिवशी कुणी हसलं नाही. बहिणीने आरसा उचलला, मोरीजवळ नेला, हळदकुंकू धुतलं, माझ्याकडे थिनर मागितलं. थिनरने लाख उतरली. खालचा पांढरा थर ठीक होता. ती मला म्हणाली, "रंग दिलास तो मूर्खपणा. तो निघाला." मला वाटलं, सुटलो.

मग तिने बोळाच्या दोन्ही तोंडांना गोधड्या टांगून अंधार केला. टॉर्चवर पत्रा लावून बारीक भोक पाडलं, समोर आरसा उभा केला आणि दाढीचं ब्लेड डोळ्यापुढे धरून इंच इंच सरकवत राहिली. आरसा बरोबर असेल तर तो एकसारखा काळवंडतो. बिघडला असेल तर त्यात खळगे आणि उंचवटे दिसतात. केसाच्या जाडीचा हजारावा भाग इकडेतिकडे झाला तरी दिसतो. तिने मला बोलावलं, ब्लेड हातात दिलं. "बघ."

मी बघितलं. पावसाळ्यातला लिंबायतचा रस्ता होता तो.

"घासलास," ती म्हणाली.

"थोडा डाग होता, म्हणून..."

"किती वेळ?"

"दोनेक मिनिटं."

"भाऊ. किती वेळ?"

"दहा."

तिने गोधड्या काढल्या, घड्या घातल्या. "चिठ्ठी वाचली नव्हतीस?"

"घाईत होतो गं." हे पहिल्यांदा मी तिथे म्हणालो. तेव्हापासून तेच म्हणत आलो.

परत घासायला वेळ नव्हता. ती तोच आरसा घेऊन पुण्याला गेली. गेली हे खरं. समजावून सांगितलं हेही खरं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला आणि घेतलं नाही. तिथल्या एका वयस्कर माणसाने विचारलं होतं, "इतकं नेमकं कळतं तुम्हाला, मग हा आरसा असा केला कुणी?" ती म्हणाली, "मीच."

हे मला मायकडून कळलं, तेही बऱ्याच वर्षांनी. मी तिला फोनवर विचारलं, माझं नाव का नाही सांगितलं? तिला वाटलं मी आभार मानायला फोन केला आहे. म्हणाली, "तुला वाचवायला नाही सांगितलं. भावाने बिघडवला म्हटलं असतं तर पुढच्या मुलीला त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला असता, की घरचे त्रास देतात का. आणि घेतलं नसतं." आणि फोन ठेवला.

ती वर्षभर मार्केटमधल्या एका दुकानात साड्यांच्या घड्या घालत होती. आबांची अट होती, आबांनी पाळली. पण एक वर्ष थांबले, स्थळं बघितली नाहीत. सकाळ संध्याकाळ बोळात परत घर्र घर्र सुरू झालं, त्याच काचेवर, पहिल्यापासून. माझ्याशी ती बोलत नव्हती. मी जेवायला बसलो की ती मायला म्हणायची, "त्याला सांग, बोळातून जाऊ नको, पलीकडून जा." पलीकडून म्हणजे गटारावरून. मी गटारावरून जायचो. शेजारचे विचारायचे, "का भाऊ, रस्ता बदलला?" मी म्हणायचो, "हवा चांगली आहे."

दुसऱ्या वर्षी तिने चार महिने आधी नंबर लावला, आरशावर थर दुसरीकडून बसवून आणला, पुण्याला गेली आणि निवडली गेली. गोष्ट खरी सांगायची तर एवढीच आहे. माझ्यामुळे तिचं एक वर्ष गेलं. त्याहून जास्त माझ्यामुळे काही झालं नाही.

पुढचं तिने माझ्याशिवाय केलं, आणि सोपं नव्हतं. एम.एस्सी.च्या वर्गात कुणीतरी म्हणालं, "सुरत? म्हणजे साडीवाले?" ती म्हणाली, "हो. तुझ्या आईला सांग, फॉल-बिडिंग करून देते." मरायला टेकलेले तारे जाताना भोवती जी धूळ सोडतात, त्या धुळीवर तिने पीएच.डी. केली. मी मायला म्हणालो, "सहा वर्षं धूळ बघायला पुण्याला कशाला जायचं? हजीऱ्याच्या कारखान्यांच्या रस्त्यावर उभी राहा म्हणावं." मायने ते तिला सांगितलं. तिने मायला सांगितलं, "त्याला सांग, तिकडची धूळ त्याच्यासारखी आहे, नुसती डोळ्यात जाते." तिच्या कामाचा पहिला मोठा लेख छापायचा झाला तेव्हा वरच्या साहेबांनी स्वतःचं नाव पहिलं घातलं. ती भांडली. नाव मिळालं, साहेबांचं शिफारसपत्र गेलं. मग परदेशातल्या एका थंड गावात, जिथे कुणी जायला तयार नव्हतं, तिथे तीन वर्षं. आता ती परत आली आहे, तिच्या हाताखाली विद्यार्थी आहेत आणि ते तिला घाबरतात. तिच्या विद्यार्थ्याला मी एकदा फोनवर विचारलं, मॅडम कशा आहेत? तो म्हणाला, "आकडा चुकला तर विचारतात, चुकला की चुकवलास?" मी फोन ठेवून दिला.

यंदा आमच्या समाजाने दहावी-बारावीच्या मुलांच्या गुणगौरवाला तिला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. ती हो म्हणाली. अध्यक्ष मला म्हणाले, "पाहुणीची ओळख तूच करून दे. तुझी ती आरशाची गोष्ट सांग, पोरं खूश होतील." तिचा मायला निरोप आला होता: त्याने खरं सांगितलं तर जेवायला येईन, नाही तर स्टेशनवर जाईन. मायने सकाळपासून वरण-बट्टीचं पीठ मळून ठेवलं आणि मला एकच वाक्य म्हणाली, "पीठ फुकट नको जावाले."

हॉल भरलेला होता. हळदीतले, पंगतीतले, दहाव्याचे, सगळे श्रोते एकाच ठिकाणी. मी माइक धरला आणि सवयीने पहिली दोन वाक्यं तीच आली. लोक हसायच्या तयारीत बसले. मागून एक जण ओरडला, "भाऊ, ते सोनेरीवालं येऊ द्या!" ती स्टेजवर माझ्या डाव्या हाताला बसली होती. पुष्पगुच्छ मांडीवर, नजर समोर.

मी म्हणालो, "मी चिठ्ठी वाचली होती."

लोक हसले. त्यांना वाटलं, नवीन सुरुवात आहे.

"दोनदा वाचली होती. ती माझ्यापेक्षा हुशार होती, ते मला खुपत होतं. तिने करू नको लिहिलं, म्हणून मी केलं. आरसा बिघडला. तिला घेतलं नाही. तिचं वर्ष गेलं. ती माझ्यामुळे शास्त्रज्ञ झाली नाही. माझ्यामुळे होता होता राहिली होती. आणि हे मी वीस वर्षं तुम्हाला उलटं सांगून हसवलं."

पुढच्या रांगेतले आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "गंमत करी ऱ्हायना तो." शेजारी म्हणाला, "नई वाटत." एका मुलीची आई, नीट ऐकू येईल अशा आवाजात, म्हणाली, "असला भाऊ असला तर वैरी कसाले पाहिजे?" अध्यक्षांनी माझ्या हातातून माइक काढून घेतला आणि म्हणाले, "तर असे आपले विनोदी भाऊ..." कुणी टाळी वाजवली नाही. इतकी शांतता मला आयुष्यात कधी मिळाली नव्हती, आणि ती मला अजिबात आवडली नाही.

मग ती बोलली. माझं नाव काढलं नाही. ताऱ्यांबद्दल बोलली, परीक्षेबद्दल बोलली. शेवटी बक्षीस घेतलेल्या एका मुलीने उठून विचारलं, "मॅडम, घरच्यांनी मदत केली का?"

ती म्हणाली, "आईने केली. वडिलांनी एक वर्ष थांबून केली. भावाने नाही केली. तरी होतं. पण वेळ जास्त लागतो, हे धरून चाला."

टाळ्या याला पडल्या.

ती जेवायला आली. तीन वर्षांनी तो जिना चढली. मायने दारातच तिला धरलं आणि दोघी स्वयंपाकघरात गेल्या. मी मागे जायला लागलो तर मायने आतून कडी लावली. बायको आत, बहीण आत, माय आत. मी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून राहिलो. आतून बट्टी फोडल्याचा आवाज येत होता, आणि हसण्याचा. कशाला हसत होत्या, माहीत नाही. माझी गोष्ट नसावी.

तासाभराने ती खाली आली, तिच्यामागे आतून पुन्हा कडी लागली. "सरक."

मी सरकलो. "झालं ना? फिटलं?"

"फिटलं नाही. तू अट पाळलीस म्हणून उंबरा चढले. माफ करीन असं कधी म्हणाले होते?"

"मग सगळ्यांसमोर माझं नाक कापून घेतलं ते?"

"ते तुझं होतं. मला काय करायचंय त्याचं?" दोन पायऱ्या उतरून ती थांबली. "आणि मला माहीत आहे, आता हीच गोष्ट सांगत फिरशील. मी भर सभेत खरं कसं बोललो. दोन लग्नांत हिच्यातही हशा पेरशील."

तिचं खरं होतं. कारण हॉलवरून घरी येताना रिक्षात, "मी चिठ्ठी वाचली होती" या वाक्यानंतर किती थांबायला हवं होतं, याचा विचार माझा करून झाला होता.

"लिहून काढ," ती म्हणाली. "बोलताना तू वाढवतोस. लिहिलेलं वाढवता येत नाही."

म्हणून हे लिहिलं. ती गेली. त्या दिवशी तिची रिक्षा वळली तेव्हा वरून कडी उघडल्याचा आवाज आला, आणि मायचा.

"गई का ती?"

"गेली."

"परत कधळ यी, काय म्हने?"

मी वर बघितलं. माय दाराला धरून उभी होती.

"इचारं नई का रे तू?"

मी विचारलं नव्हतं.